सोमवारची रिकामी खाच

माझ्या कपाटात मफलरच्या घडीखाली मक्याच्या कणसाचा एक पाईप आहे. शोभेचा नाही, चांगला ओढायचा. तो मी आजवर एकदाही पेटवलेला नाही. बायकोला तो माझ्या जुन्या कुठल्यातरी शौकाची उरलीसुरली खूण वाटतो आणि मीही तिला तसंच वाटू दिलंय. ज्यांनी तो दिला त्यांच्याविषयी सांगायला लागलो की माझ्याविषयीही सांगावं लागतं, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. गप्प बसणं मला तसं चांगलं जमतं.

काशिनाथअप्पा नांदेडला आमच्या सरकारी कार्यालयात ट्रेसर होते. मूळ नकाशावर आरपार दिसणारं खळीचं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवून घ्यायची, हे ट्रेसरचं काम. मी त्याच शाखेत कारकून होतो. नकाशांची आवक-जावक माझ्याकडे. अप्पा माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग. गाव निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना 'मालक' म्हणायचे, त्यामुळे त्यांनी हाक मारली की तीन-चार माना एकदम वळायच्या. मला मात्र ते नावानं हाक मारत, दत्ताराव म्हणत. मला त्याचा अभिमान वाटायचा.

काम करताना ते मनगटाला रुमाल बांधून बसत. ट्रेसिंगच्या कापडाला पाण्याचा थेंब चालत नाही. खळ विरघळते, शाई पसरते आणि कापडाचं फडकं होतं. हाताचा घाम लागला तरी डाग पडतो. पहिल्याच आठवड्यात मी पाण्याचा तांब्या त्यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला आणि दाराबाहेरचा कोनाडा दाखवला. रागावले नाहीत. 'ह्याला इस्तवापरीस पाण्याचं भ्याव जास्ती,' एवढंच म्हणाले. हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीत अप्पा मागच्या लिंबाखाली जाऊन पाईप ओढत. नांदेडात तेव्हा बिडी, सिगारेट, पान, जर्दा सगळं चालायचं, पण पाईप म्हटला की लोकांना सिनेमातला श्रीमंत बापच आठवायचा. आणि इथं धोतर नेसलेला ट्रेसर तोंडात मक्याचं कणीस धरून बसलेला. 'पायपअप्पा' हे नाव त्यांना आपोआपच पडलं होतं. कुणी चिलीम म्हटलं तर मात्र त्यांना खपत नसे. चिलीम चार जणांत फिरते, पाईप एकट्याचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

हे खूळ त्यांना बहात्तरच्या दुष्काळात लागलं. मुखेडकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर त्यांना नकाशे सोडून हजेरीपटावर बसवलं होतं. रोज सकाळी, यादीत नाव नसलेली माणसं समोर येऊन उभी राहायची, आणि त्यांना नाही म्हणायचं काम अप्पांकडे होतं. तिथं बोअर पाडायच्या यंत्राबरोबर एक गोरा माणूस आला होता. त्याच्या पाईपला बुडातून भोक पडलं आणि तो चार दिवस पिसाळल्यासारखा फिरत होता. अप्पांनी तो पाईप हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि त्यांना हसूच आलं. दाणे काढलेलं मक्याचं कणीस, दुसरं काही नाही. त्यांनी कुणाच्या तरी सरपणातून एक कणीस मागून घेतलं, चाकूनं कोरलं, बोरूची नळी बसवली आणि गोऱ्याला दिलं. तो पाईप चार दिवसांत जळून गेला. मग गोऱ्यानं हातवारे करून धडा दिला: कणीस दोन वर्षं वाळव, टणक आणि जाड निवड, बाहेरून मोडक्या हाडाला लावतात ते पांढरं प्लास्टर लिंप, घासून गुळगुळीत कर. चौथ्या ठिकाणी पाणी लागलं आणि गोरा निघून गेला. त्याचा तो भोक पडलेला पाईप अप्पांकडे राहिला.

मी एकदा विचारलं, ओढावासा का वाटला. अप्पांनी पाईप तोंडातून काढला.

'तोंडात पायप असला की न्हाई म्हणावं लागत न्हाई, दत्ताराव. मान हालवली की भागतंय. समोरच्याला बी वाटतंय, ह्याच्या तोंडात हाय म्हणून बोलंना.'

त्यांच्या गावच्या घरी परसात, आडाच्या कडेला, गिरिजाबाई दरसाल चार ओळी मका लावायच्या. आमच्याकडे तेव्हा मका म्हणजे पोरांनी भाजून खायचा खाऊ. पण या चार ओळींना पोरांनी हात लावायचा नाही अशी ताकीद होती. गिरिजाबाई म्हणजे अप्पांची बायको. त्या गावी, अप्पा नांदेडला एका खोलीत. म्हातारे सासू-सासरे आणि शेत सोडून त्यांना येता येत नव्हतं. महिन्यातून एकदा अप्पा दोन एस.ट्या बदलून गावी जायचे आणि परत येताना पिशवीत ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि जाड बुंध्याची कणसं आणायचे. ती कणसं खोलीच्या आढ्याला टांगलेली असत, प्रत्येकाच्या गळ्यात कुठल्या सालचं त्याची चिठ्ठी. त्या खोलीत वर पाहिलं की आपण कुणाच्यातरी बियाण्याच्या कोठीत आलोय असं वाटायचं.

पाईप कसा सांभाळायचा हे मी त्यांच्याकडून जितकं ऐकलं तितकं ऑफिसचे नियमसुद्धा ऐकले नाहीत. नवा पाईप पहिल्या तीन-चार वेळा तिसरा हिस्साच भरायचा आणि सावकाश ओढायचा. आतून काजळीचा थर धरेपर्यंत घाई करायची नाही. त्या थरानंच कणीस वाचतं. थर नखाएवढा जाड झाला की बोथट चाकूनं हलकेच खरवडायचा, पण सगळा काढायचा नाही. गरम असताना नळी उपसायची नाही. नळीतून कबुतराचं पीस फिरवायचं. ती पिसं अप्पा ऑफिसच्या वऱ्हांड्यातच वेचत, आणि नव्या माणसाला हा ट्रेसर सकाळी सकाळी ओणवा होऊन काय शोधतोय ते कळत नसे. राख ठोकून पाडायची नाही, पाईप पालथा धरून काडीनं मोकळी करायची. तंबाखू देगलूरच्या बाजारातली. तिच्यावर गुळाच्या पाण्याचा हबका मारून ती डब्यात ठेवायची.

त्यांनी मला दोन झुरके दिले होते. पहिल्या झुरक्याला भाजलेल्या कणसाचा वास येतो. मग तो जातो आणि तंबाखूचा गोडसर धूर राहतो, जीभ न चावणारा. हातात तर काही धरलंय असं वाटतच नाही, इतका हलका. मी म्हटलं, पण हा टिकत नाही ना फार. तर अप्पा म्हणाले, टिकायला हे काय वतन आहे? जळला की दुसरा करू, गिरिजाचा मका आहे की.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकदा ओढलेला पाईप आठवडाभर तरी कोरडा होऊ द्यायचा. त्यासाठी अप्पांनी नकाशे आखायच्या मोडक्या टी-स्क्वेअरची पट्टी भिंतीला ठोकली होती. पट्टीत सात खाचा. प्रत्येक खाचेवर बोरूनं लिहिलेलं अक्षर: र, सो, मं, बु, गु, शु, श. सहा खाचांत सहा पाईप, वाटी खाली, नळी वर. 'सो'ची खाच रिकामी. तिथं एक बेलाचं पान खोचलेलं असायचं, दर आठवड्याला ताजं. सोमवारी अप्पा पाईप ओढत नसत, ऑफिसात आणतही नसत. जेवणाच्या सुट्टीत ते लिंबाखाली न जाता महादेवाच्या देवळात जात. हे नांदेडात फक्त मला ठाऊक होतं. त्यांच्या खोलीवर जाणारा मीच एकटा होतो.

आमच्या साहेबांना एकदा पाईपचा मोह झाला. मागून घेतला, तोही गुरुवारचा. अप्पांनी सगळे नियम सांगितले. साहेबांनी मान डोलावली, पाईप ओढला आणि शेवटी राख पाडायला वऱ्हांड्याच्या लोखंडी कठड्यावर ठण्णकन आपटला. वाटी दोन तुकडे होऊन खाली. अप्पा तुकडे उचलत म्हणाले, 'कणीस हाय मालक, खिळा न्हाई.' आम्ही चार जण हसलो. साहेब हसले नाहीत. हसलेल्यांची नावं ते विसरले असतील, अप्पांचं विसरले नाहीत.

त्यानंतर वर्षभरात लातूर वेगळा जिल्हा व्हायचं ठरलं. लातूरच्या माणसांना काय आनंद झाला असेल तो असो, आमच्या ऑफिसात फक्त एकच विषय होता: नव्या कार्यालयात कोण जाणार. यादीत अप्पांचं नाव होतं. लातूरहून निलंगा म्हणजे घरच. रोज जाऊन येऊन करता येईल, सकाळी गिरिजाच्या हातची भाकरी खाऊन निघता येईल, हे त्यांनी मला त्या महिन्यात किती वेळा सांगितलं असेल. दहा वर्षं ते घराजवळच्या बदलीची वाट पाहत होते. माझंही नाव यादीत होतं. मी तात्पुरता होतो, लातूरला गेलो की कायम होणार होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि सासऱ्यांना जावई कायम नोकरीत आहे असं आधीच सांगून झालेलं.

नव्या जिल्ह्याचा मोठा नकाशा अप्पांकडेच ट्रेसिंगला होता. तीन आठवडे ते त्यावर बसले होते. तो पुरा झाला तो सोमवार; मूळ नकाशा खालून काढून ठेवलेला. दुपारी अप्पा देवळात गेले आणि मी शाखेत एकटाच होतो. मी तेव्हा चोरून सिगारेट ओढायचो. घरी माहीत नव्हतं, ऑफिसात माहीत नव्हतं, फक्त अप्पांना वासावरून कळलं होतं. खिडकीशी उभा राहून पेटवली. वऱ्हांड्यात पावलं वाजली आणि मी सिगारेट घाईघाईनं अप्पांच्या टेबलाच्या कडेला ठेवून दाराकडे गेलो. शिपाई होता, पुढे निघून गेला. मागे वळलो तर नकाशाच्या कडेवर पेटती राख पडून तळहाताएवढी जागा काळी होत चालली होती, आणि काळं पुढे सरकत होतं. नुसता हात दाबला असता तरी विझलं असतं. मी कोनाड्यातला तांब्या आणून ओतला.

आग विझली. मग माझ्या डोळ्यांसमोर नद्या पसरल्या, तालुक्यांच्या हद्दी एकमेकींत मिसळल्या आणि तीन आठवड्यांचं काम सुरकुतून गोळा झालं. थोटूक मी खिडकीबाहेर फेकलं.

साहेब आले. खोलीत धुराचा वास, जळकं कापड. तंबाखू ओढणारा शाखेत एकच माणूस, असं सगळ्यांनाच वाटत होतं. अप्पा देवळातून आले ते कपाळाला ताजं भस्म लावून. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. जळलेल्या जागेकडे नाही, कापडातून खाली ठिबकणाऱ्या पाण्याकडे. साहेब बोलत होते, तुमचा तो पाईप, किती वेळा सांगितलं, सगळा जिल्हा जाळलात. अप्पांनी ते पुरं होऊ दिलं.

'मालक, आज सोमवार हाय,' ते म्हणाले.

साहेबांनी विचारलं की वाराचा इथं काय संबंध. अप्पांनी मान वळवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर कदाचित मी बोललोही असतो. गाडीत शेजारच्याला जरा सरका म्हणताना आपण पाहतो ना, तसं साधं पाहिलं. या सोमवारचा अर्थ सांगू शकेल असा मी एकटाच त्या खोलीत होतो. माझी सिगारेट कबूल करायचीही गरज नव्हती. सोमवारी ते ओढत नाहीत, पाईप खोलीवर आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग पुढचा प्रश्न, तर कुणी ओढली, हा आला असता. मी नोंदवही उघडली आणि तिच्यात पाहत राहिलो. माझ्या तोंडात तर पाईपही नव्हता.

अप्पांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

नकाशा त्यांनीच पुन्हा काढला. चार दिवसांत, रात्री उशिरापर्यंत बसून, मनगटाला रुमाल बांधून. दौत भरून द्यायला मी शेजारी उभा. त्या चार दिवसांत ते माझ्याशी 'शाई' या एका शब्दापलीकडे काही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. रोज ठरवायचो, आज सांगतो. शुक्रवारी नकाशा लातूरला गेला. पुढच्या आठवड्यात यादीतलं अप्पांचं नाव कापलं गेलं आणि त्यांना हदगावला टाकलं, घरापासून आणखी दूर, उलट्या दिशेला.

मी निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पुढे ठेवलं. नवा पाईप. 'तुमच्या नावानं दोन साल वाळवत ठिवला हुता,' म्हणाले. 'पयल्यांदा तिसरा हिस्साच भरा. घाई करू नगा.' मी काहीतरी पुटपुटलो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळदा मनाशी म्हटलंय. पण हेही एक सोयीचंच म्हणणं आहे.

लातूरला मी कायम झालो. नव्या कार्यालयात तिथल्या साहेबांच्या खुर्चीमागे जिल्ह्याचा नकाशा काचेत लावला होता. तोच, अप्पांनी चार दिवसांत काढलेला. सही घ्यायला आत गेलो की तो समोर. पाच-सहा वर्षं मी त्याच्यासमोर उभा राहिलो, बहुतेक वेळा खाली मान घालून, आणि साहेबांना वाटायचं माणूस नम्र आहे.

तिसऱ्या वर्षी कळलं की गिरिजाबाई गेल्या. कावीळ झाली होती. अप्पांना हदगावला निरोप उशिरा मिळाला, आणि ते तीन एस.ट्या बदलून पोचले तोवर सगळं उरकलं होतं. मी लातुरात होतो. निलंग्याची एस.टी. माझ्या घरावरून जायची. मी पत्र लिहायला घेतलं, 'आपल्या दुःखात सहभागी' इथपर्यंत आलो आणि फाडलं. भेटायला गेलो नाही. कसा जाणार होतो?

गेलो ते अप्पा निवृत्त झाल्यावर, आणि मुद्दाम सोमवारी गेलो. मनाशी बांधलं होतं की त्यांच्या हातात पाईप नसेल, बेलाचं पान असेल, आणि तिथूनच बोलायला सुरुवात करता येईल. निलंग्याहून जीपनं गाव गाठलं. अप्पा ओसरीवर बसले होते. केस पांढरे झालेले, पाठ आणखी वाकलेली, पण भस्माचे पट्टे तसेच, रेघेत. 'दत्ताराव,' म्हणाले, जसा मी कालच जेवणाच्या सुट्टीतून गेलो होतो. सुनेनं चहा आणला. लातूरची चौकशी झाली, माझ्या मुलांची झाली. परसात मका दिसला नाही. आता कणसं बाजारातून आणतात म्हणाले, बारकी असतात, लवकर जळतात.

मग मी सांगून टाकलं. सिगारेट माझी होती, पाणी मी ओतलं, तुम्ही सोमवार म्हणालात तेव्हा मला कळलं होतं आणि मी नोंदवहीत पाहत बसलो. सांगताना रडलो, हेही लिहून ठेवतो.

अप्पा गालात हसले.

'पाणी बगितलं तवाच कळलं हुतं. ट्रेसर कवा पाणी वतत न्हाई. तुमची नवी नवी नोकरी हुती, दत्ताराव. जाऊ द्या आता.'

आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. इतक्या वर्षांनी छातीवरचा दगड उतरला असं वाटून मी मोठा श्वास घेतला, उरलेला चहा प्यालो, वर जरा इकडच्या तिकडच्या गप्पाही मारल्या. माणूस किती लवकर स्वतःला माफ करून घेतो!

तेवढ्यात अप्पा उठले आणि आतल्या भिंतीशी गेले. तिथं ती मोडक्या टी-स्क्वेअरची पट्टी ठोकलेली होती. सात खाचा, बोरूची अक्षरं अजून ठळक. त्यांनी एका खाचेतून पाईप काढला आणि ओसरीवर येऊन सवयीनं भरायला लागले. मी पट्टीकडे पाहिलं. नुकतीच रिकामी झालेली खाच 'सो'ची होती. पाईप काही नवा नव्हता. वाटी काठापर्यंत काळी पडलेली, पुष्कळ वर्षांची.

मी म्हटलं, अप्पा, आज सोमवार.

'हाव,' ते म्हणाले. काडी ओढून त्यांनी वाटीवर धरली, दोन सावकाश झुरके घेतले. माझ्याकडे न बघता, अंगणाकडे बघत म्हणाले, 'त्या दिवशी माझ्यापाशी सांगायला तेवढंच एक हुतं. ते बी कुणी धरलं न्हाई. मग सोडलं म्या.'

त्यात तक्रार नव्हती. हवा-पाण्याचं बोलावं तसं बोलले आणि ओढत राहिले.

परतीची जीप आली. मी पाया पडलो, त्यांनी हात वर केला. जीप वळेपर्यंत मागे पाहत होतो. ओसरीवर अप्पा खांबाला टेकून बसले होते, वाकून, कपाळावर सकाळचं भस्म, तोंडात सोमवारचा पाईप. गोडसर धुराचा वास जीपपर्यंत येत होता.